दुखणे माशाचे, बिऱ्हाड टँकमध्ये

खाऱ्या पाण्याच्या, प्रवाळ ठेवलेल्या रीफ टँकमध्ये नवा सर्जनफिश सोडला आणि आठवडाभरात त्याच्या पंखांवर, अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसू लागले, की सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी खाद्याला लसणाचा रस चोळायला सांगतो, कोणी हीटर दोन अंशांनी वाढवायला, कोणी सफाई करणारी कोळंबी सोडायला, तर कोणी ‘प्रवाळांना सुरक्षित’ असे छापलेली बाटली आणायला. यातले काही ना काही केले जाते आणि चार-पाच दिवसांत ठिपके खरोखरच नाहीसे होतात. उपाय लागू पडला अशी खात्री पटते. पंधरवड्याने ठिपके परततात तेव्हा ते एकाऐवजी पाच माशांवर असतात. या रोगाबद्दलच्या बहुतेक वादांचे मूळ या चार-पाच दिवसांत आहे. काहीही केले नसते तरी ठिपके तेवढ्याच दिवसांत गेले असते, कारण त्यांचे जाणे ही परजीवीच्या आयुष्यातली ठरलेली पायरी आहे. तिला उपचाराचे यश मानले की पुढचा सगळा हिशेब चुकतो. माझे म्हणणे असे की रीफ टँकमधल्या या रोगाकडे माशाचे दुखणे म्हणून पाहिले तोवर तो सुटत नाही. तो सगळ्या टँकला जडलेला असतो, आणि म्हणूनच त्यावरचा खात्रीचा उपचार टँकच्या बाहेरच होतो.

परजीवीचे नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. अंगभर सूक्ष्म केसांची झालर असलेला हा एकपेशीय जीव. जपानमध्ये सिकामा यांनी १९३० च्या दशकात त्याचा अभ्यास केला आणि आज रूढ असलेले नाव ब्राउन यांनी १९५१ मध्ये दिले. हौशी लोकांच्या टँकपेक्षा मोठे नुकसान तो समुद्रातल्या मत्स्यशेतीत करतो. जिताडा, हेकरू, पाँपानो अशा खाण्याच्या माशांना तो जडतो, म्हणूनच त्याच्या जीवनचक्राबद्दल इतकी नेमकी माहिती आपल्या हाती आहे. माशावर दिसणारा ठिपका म्हणजे ट्रोफॉन्ट ही अवस्था. ती माशाच्या कातडीवर बसत नाही, कातडीच्या वरच्या थराखाली शिरून ऊती खाते. तीन ते सात दिवसांत पोट भरले की परजीवी स्वतःहून मासा सोडतो, काही तास वाळूवर, दगडांवर सरपटतो आणि एका जागी चिकटून स्वतःभोवती टणक कोश तयार करतो. या कोशात, म्हणजे टोमॉन्ट अवस्थेत, तो विभागत राहतो आणि एका कोशातून दोनशेच्या आसपास नवे पोहणारे जीव बाहेर पडतात. त्यांना थेरॉन्ट म्हणतात. थेरॉन्टला मासा गाठायला फार वेळ नसतो: पहिल्या सहा-आठ तासांत त्याची ताकद सर्वाधिक असते आणि दोन दिवसांत तो मरतो. कोश किती दिवसांनी फुटेल याला मात्र धरबंध नाही. कोलोर्नी आणि बर्जेस यांनी १९९७ मध्ये घेतलेल्या आढाव्यात हा काळ ३ दिवसांपासून ७२ दिवसांपर्यंत नोंदला आहे, आणि एकाच माशावरून उतरलेले, सारख्याच परिस्थितीत ठेवलेले कोशही एका वेळी फुटत नाहीत. स्वच्छ दिसणारा मासा आणि स्वच्छ टँक यांतला फरक या एका आकड्यात आहे.

या चक्रातली मला सर्वात विलक्षण वाटणारी गोष्ट म्हणजे त्याचे वेळापत्रक. परजीवी मासा सोडतो तो अंधारात आणि कोशातून थेरॉन्ट बाहेर पडतात तेही मुख्यतः पहाटेच्या अंधारात. प्रवाळांमधले मासे रात्री ठरलेल्या कपारीत विसावतात. म्हणजे परजीवी उतरतो तो माशाच्या झोपण्याच्या जागी आणि काही दिवसांनी त्याची पिल्ले बाहेर पडतात तीही त्याच कपारीत, मासा स्थिर असताना. एवढा नेमका डाव असूनही समुद्रात तो क्वचितच जीव घेतो. डिगल्स आणि लेस्टर यांनी १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय क्वीन्सलँडमधल्या जंगली माशांची तपासणी प्रसिद्ध केली. परजीवी अनेक माशांवर होता, पण प्रत्येकावर थोडाच. समुद्राच्या अफाट पाण्यात बहुसंख्य थेरॉन्ट मासा न सापडताच मरतात. टँकमध्ये ही गळती थांबते. धरून चालू की एका रात्री दहा परजीवी खाली उतरले आणि प्रत्येकाचे दोनशे थेरॉन्ट झाले. त्यातल्या वीसांत एकाला जरी मासा सापडला, तरी पुढच्या फेरीला शंभर ठिपके, आणि त्यापुढच्या फेरीला वीस हजार थेरॉन्ट. चारशे-पाचशे लिटर पाण्यात दहा मासे असतील तर वीसांत एक हे प्रमाण अवाजवी नाही. पहिल्या फेरीत डोळ्यांत न भरणारा रोग तिसऱ्या फेरीत माशांच्या कल्ल्यांवर तुटून पडतो तो याच गणितामुळे, आणि मासे मरतात ते बहुतेक वेळा कल्ले निकामी होऊन, श्वास कोंडून.

आता औषधाचा विचार करू. माशाच्या कातडीखालचा ट्रोफॉन्ट पाण्यातल्या औषधापासून सुरक्षित असतो, कोशातला टोमॉन्टही. उघडा सापडतो तो फक्त थेरॉन्ट, तेही काही तास. म्हणून औषधाची मात्रा पाण्यात आठवडेच्या आठवडे एक क्षणही न घसरता टिकावी लागते. आणि ते औषध असे हवे की जे एका एकपेशीय जीवाला मारील, पण प्रवाळ, शेवाळ, गोगलगायी, कोळंबी, वाळूतले सूक्ष्म कवचधारी आणि दगडांतले उपयोगी जीवाणू यांना धक्का लावणार नाही. ही अट किती कठीण आहे हे जीवशास्त्राच्या वंशावळीत पाहिले की कळते. क्रिप्टोकॅरिऑन, त्याच्याइतकाच घातक दुसरा परजीवी अमायलूडिनियम, मलेरियाचा प्लास्मोडियम आणि प्रवाळांच्या ऊतींत राहून त्यांना सूर्यप्रकाशापासून अन्न पुरवणारी सहजीवी शैवाले हे सगळे अल्व्हिओलाटा नावाच्या एकाच मोठ्या गटातले. अमायलूडिनियम आणि प्रवाळांची सहजीवी शैवाले तर आणखी जवळची, दोन्ही डायनोफ्लॅजेलेट. मलेरियावरचे क्लोरोक्विन माशांच्या परजीवींवरही चालते, पण रीफ टँकमध्ये ते वापरता येत नाही: ते शैवाले मारते, कणाहीन जीवांना इजा करते. शत्रू आणि प्रवाळाचा अन्नदाता इतके सख्खे असताना एकाला टिपून दुसऱ्याला वगळणारे द्रव्य बाटलीत मिळते असा दावा कोणी करत असेल, तर पुरावा देण्याची जबाबदारी त्याची आहे. केवळ ठिपके गेल्याची साक्ष पुरेशी नाही, कारण ठिपके तसेही जाणारच होते.

टँकबाहेर मात्र खात्रीचे उपाय आहेत, आणि ते जुने आहेत. तांबे हा त्यातला सर्वात रुळलेला. मुक्त आयनांच्या रूपातले तांबे लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम या पट्ट्यात किमान दोन-तीन आठवडे सलग टिकवले, तर थेरॉन्ट मरतात आणि चक्र तुटते. पट्टा अरुंद आहे: खाली घसरले तर परजीवी वाचतो, वर गेले तर मासा दगावतो. रोज चाचणी घेण्याची तयारी नसेल तर तांब्याला हात लावू नये. रीफ टँकमध्ये ते घालण्याचा प्रश्नच येत नाही. कणाहीन जीव मरतात, आणि चुनखडीचे दगड व वाळू तांबे शोषून घेतात, त्यामुळे मात्रा टिकत नाही आणि टँक पुढेही संशयास्पद राहतो. दुसरा उपाय क्षारता उतरवण्याचा. समुद्राच्या पाण्यात हजारी सुमारे ३५ भाग क्षार असतात. ते उतरवून १.००९ विशिष्ट गुरुत्वाच्या आसपास आणले की मासे तग धरतात आणि परजीवी फुटतो. पण तैवानमधल्या मत्स्यशेतीतून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याहून कमी क्षारतेतही रोग पसरवणारे वाण आढळले, म्हणून या उपायावर डोळे झाकून विसंबता येत नाही. तिसरा उपाय मला सर्वात बुद्धिमान वाटतो, कारण त्यात औषधच नाही. इस्राएलमधल्या एलात येथे काम करणाऱ्या कोलोर्नी यांनी १९८७ मध्ये तो मांडला. परजीवी मासा सोडतो आणि कोशातून नवे थेरॉन्ट बाहेर यायला किमान तीन दिवस लागतात. तेव्हा दर तीन दिवसांनी मासा दुसऱ्या, पूर्ण धुऊन वाळवलेल्या टाकीत हलवायचा. उतरलेले कोश मागे राहतात, फुटतात तेव्हा तिथे मासा नसतो. अशा चार बदल्यांत माशावरचा शेवटचा ट्रोफॉन्टही उतरलेला असतो. दोन साध्या टाक्या, दोन एअर पंप, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि ताजे खारे पाणी एवढ्यावर हे होते.

मग लसूण, वाढीव तापमान, कोळंबी आणि अतिनील दिवा यांचे काय? हीटर वाढवण्याचा सल्ला गोड्या पाण्यातल्या ‘इच’ या रोगावरून आलेला आहे. तिथला परजीवी, इक्थिओफ्थिरियस, दिसायला आणि वागायला सारखा असला तरी नात्याने दूरचा. जनुकांच्या तुलनेतून हे १९९० च्या दशकातच स्पष्ट झाले. उष्ण कटिबंधातल्या समुद्रात वाढलेल्या क्रिप्टोकॅरिऑनला दोन अंशांनी काही होत नाही, उलट गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि कल्ले फाटलेल्या माशाची घुसमट वाढते. सफाई करणारे क्लीनर रॅस मासे समुद्रात मोठे काम करतात; ऑस्ट्रेलियातल्या लिझार्ड बेटावरच्या ग्रटर यांच्या अभ्यासात एक मासा दिवसाला सुमारे १२०० परजीवी खाताना आढळला. पण ते परजीवी प्रामुख्याने नॅथिइड नावाचे, माशाच्या अंगावर बाहेरून चिकटणारे कवचधारी होते. कातडीखालचा ट्रोफॉन्ट त्यांच्या तोंडाला सापडत नाही, आणि सफाई करणाऱ्या कोळंबीलाही नाही. अतिनील दिव्याबद्दल मी अधिक उदार आहे: त्यातून जाणारे थेरॉन्ट मरतात हे खरे, आणि पाण्यातला भार त्यामुळे उतरतो. पण जो थेरॉन्ट झोपलेल्या माशापासून वीतभर अंतरावर जन्मतो त्याला दिव्यापर्यंत जाण्याचे कारणच पडत नाही. लसणाने माशाची भूक वाढली तर आनंदच आहे. त्याने परजीवी मरतो हे चक्राच्या कसोटीवर उतरलेले नाही.

यावरचा सर्वात प्रचलित आक्षेप असा की परजीवी प्रत्येक टँकमध्ये असतोच, ताण आला की उसळतो, म्हणून ताण सांभाळा. या आक्षेपात अर्धे सत्य आहे. ताणाने माशाची प्रतिकारशक्ती ढासळते आणि लपलेला रोग उघड होतो, यात शंका नाही. अनेक दुकानांत सगळ्या टाक्यांचे पाणी एकाच फिल्टरमधून फिरते आणि त्यात थोडे तांबे ठेवलेले असते. ते ठिपके दडपायला पुरते, परजीवी मारायला पुरत नाही. मासा घरी आला, तांबे संपले, की आठवड्यात ठिपके दिसतात आणि दोष प्रवासाच्या ताणावर जातो. पण ताण परजीवी निर्माण करत नाही. क्रिप्टोकॅरिऑनला जगायला मासा लागतोच. मासा नसला की त्याचा वंश खुंटतो. शिवाय ‘असतोच’ या म्हणण्याविरुद्ध थेट पुरावा आहे. बर्जेस आणि मॅथ्यूज यांनी १९९० च्या दशकात एकच वाण प्रयोगशाळेत माशांवर पिढ्यान्‌पिढ्या वाढवला तेव्हा सुमारे ३४ फेऱ्यांनंतर, म्हणजे जवळपास वर्षभरात, तो दुबळा होऊन टिकेनासा झाला. बाहेरून नवा वाण येत नसेल तर परजीवी आपोआपही संपू शकतो. जो टँक वर्षानुवर्षे ‘कधीच पूर्ण बरा होत नाही’ त्यात बहुधा मालकच दर दोन महिन्यांनी नवा मासा आणि त्याबरोबर नवा वाण सोडत असतो.

दुसरा आक्षेप अधिक भक्कम आहे आणि त्याला मी मान देतो. मासे या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती कमावतात. बर्जेस आणि मॅथ्यूज यांनीच १९९५ मध्ये दाखवले की एकदा लागण होऊन गेलेल्या बोय जातीच्या माशांना पुन्हा लागण करायचा प्रयत्न केला तर ते बऱ्याच अंशी सुरक्षित राहतात, आणि काहींत हे संरक्षण सहा महिन्यांपर्यंत टिकते. म्हणून एक विचारधारा म्हणते: मोठा टँक, थोडे मासे, उत्तम खाद्य, अतिनील दिवा, रोगाबरोबर जगायला शिका. असे टँक आहेत आणि त्यांतले मासे धडधाकट दिसतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. माझी हरकत तिथे आहे जिथे या मार्गाची किंमत सांगितली जात नाही. प्रतिकारशक्ती आलेला मासा परजीवीमुक्त असतोच असे नाही. कल्ल्यांत दोन-चार ट्रोफॉन्ट वागवत तो चक्र चालू ठेवू शकतो. मग नवा आलेला मासा, ज्याच्या अंगात काहीच संरक्षण नाही, तो पूर्ण भरात असलेल्या रोगात येऊन पडतो. सर्जनफिशसारख्या नाजूक जातींना ही भरती सोसत नाही. वीज गेली, हीटर बिघडला, भांडण झाले, की जुन्या माशांचा तोलही ढळतो. रोगाबरोबर जगण्याचा मार्ग फक्त त्यालाच रास्त आहे ज्याने आणखी मासे न आणण्याचे ठरवले आहे. तसे ठरवणारा रीफ-पालक विरळाच.

रोग टँकमध्ये शिरलाच असेल तर उरतो तो एकच खात्रीचा मार्ग: सगळे मासे, ठिपके नसलेलेही, बाहेर काढून वेगळ्या टाकीत उपचार करायचे आणि मुख्य टँक माशांविना ठेवायचा. प्रवाळ, गोगलगायी, कोळंबी तिथेच राहू शकतात, कारण परजीवी त्यांच्यावर जगत नाही. किती दिवस, यावर वाद आहे. सहा आठवडे पुरतात असे अनेकांना वाटते, आणि बहुतेक कोश त्याआधी फुटतात हे खरेही आहे. पण ७२ दिवसांची नोंद हाती असताना अकरा आठवडे थांबणेच शहाणपणाचे. सगळे दगड हलवून मासे पकडण्याचे कष्ट एकदा केल्यावर पाच आठवड्यांची घाई कशासाठी? चीनमधल्या प्रयोगांत १२ अंश तापमानाला कोशांची वाढ महिनोन्‌महिने थांबून नंतर उबेत पुन्हा सुरू झालेली दिसली आहे, पण २५-२६ अंशांवर चालणाऱ्या रीफ टँकला ती परिस्थिती लागू होत नाही. या काळात प्रवाळांना थोडे खाद्य घालत राहावे, कारण माशांच्या विष्ठेतून मिळणारे नायट्रेट आणि फॉस्फेट बंद होतात आणि प्रवाळ फिकट पडू लागतात.

सगळे ठिपके क्रिप्टोकॅरिऑनचे नसतात, आणि निदान चुकले तर वरचे काहीच लागू पडत नाही. अमायलूडिनियम, ज्याला व्हेल्वेट म्हणतात, आधी कल्ल्यांवर बसतो. मासा पंपाच्या धारेत तोंड घालून धापा टाकतो आणि अंगावर बारीक पूड दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. इथे दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो. तो अतिशय कमी क्षारतेतही तगतो आणि हवेतल्या तुषारांवरून शेजारच्या टाकीत जाऊ शकतो, म्हणून विलगीकरणाची टाकी मुख्य टँकपासून दूर हवी. क्लाऊनफिशवर चिकट पांढरा थर आणणारा ब्रुकलिनेला कोशच करत नाही, माशावरच दुभंगून वाढतो. त्यावर तांबे फारसे चालत नाही, फॉर्मलिनची आंघोळ चालते. निओबेनेडेनिया हा चपटा कृमी पारदर्शक असतो, गोड्या पाण्यात पाच मिनिटे मासा धरला की पांढरा होऊन गळून पडतो, त्याच्यावर प्राझिक्वांटेल. प्रवाळांचे स्वतःचे शत्रूही असेच एखाद्या अवस्थेत औषधापासून सुरक्षित राहतात. अ‍ॅक्रोपोरा खाणारा चपटा कृमी शास्त्राला आधी टँकमधूनच माहीत झाला, २०११ मध्ये त्याचे वर्णन झाले आणि नंतर तो समुद्रात सापडला. आयोडीनच्या द्रावणात प्रवाळ बुडवला की मोठे कृमी गळतात, अंडी तशीच राहतात.

विलगीकरणावरचा, म्हणजे नवा मासा मुख्य टँकमध्ये सोडण्याआधी वेगळ्या टाकीत ठेवण्यावरचा, शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या टाकीला जागा कुठली, आणि उघड्याबोडक्या टाकीत महिनाभर ठेवलेला मासा ताणानेच मरेल. जागेचे उत्तर सोपे आहे; चाळीस-पन्नास लिटरची टाकी कायम मांडून ठेवावी लागत नाही. ताणाचा मुद्दा मात्र विलगीकरण वाईट तऱ्हेने केले तर खरा ठरतो. फिल्टरमध्ये आधीच जीवाणू वसवलेले नसतील तर अमोनिया चढतो आणि मासा परजीवीने नव्हे, पाण्याने मरतो. स्पंज आधी महिनाभर रोगमुक्त पाण्यात भिजवून ठेवावा, अमोनियाची चाचणी रोज घ्यावी, लपायला जागा द्यावी. नवे प्रवाळ आणि गोगलगायीही मासे नसलेल्या टाकीत तेच अकरा आठवडे ठेवाव्यात, कारण कोश कोणत्याही कठीण पृष्ठभागावर, शिंपल्यावर किंवा प्रवाळाच्या तुकड्याखालच्या चकतीवरही बसतो. भारतात याला आणखी एक बाजू आहे. आपल्या किनाऱ्यांवरचे सगळे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते समुद्रातून काढणे आणि विकणे गुन्हा आहे. प्रवाळ कुठून आला हे विचारणे कायद्यासाठी जितके गरजेचे तितकेच रोगासाठी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या अनेक जातींचे बंदिस्त प्रजनन साध्य केले आहे, आणि असा मासा समुद्री परजीवीशिवाय वाढलेला असू शकतो. पण दुकानात तो पकडून आणलेल्या माशांच्या पाण्यात पडला तर हा फायदा एका रात्रीत जातो. म्हणून कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानात माशाची किंमत विचारण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: या टाकीचे पाणी आणखी कोणत्या टाक्यांना जोडलेले आहे, आणि त्यात तांबे आहे का, असल्यास किती.